इंजिन स्पर्धांसाठी चाकोरीबाहेरची ओपनिंग्ज निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्या संगणकावर बुद्धिबळ इंजिनांच्या (बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रामांच्या) स्पर्धा भरवणारी मंडळी ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरवून दिलेल्या खेळ्यांच्या, निवडीबद्दल मला पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांचे आहेत, पुढचे अडचणीच्या जागांचे. खेळ्या लिहिताना 'घो' म्हणजे घोडा, 'उं' म्हणजे उंट, 'रा' म्हणजे राजा, '×' म्हणजे मारणं, '+' म्हणजे शह. प्याद्याच्या खेळीला फक्त घराचं नाव दिलं आहे.

१. मुळात ओपनिंग ठरवून का द्यायचं? पहिल्या खेळीपासून इंजिनांना त्यांचं त्यांना खेळू द्यावं की.

एखाद-दुसऱ्या डावाला जरूर खेळू द्या. पण शंभर डाव असे लावले, तर दोन गोष्टी होतात. पहिली, तेच ते डाव येत राहतात, कारण इंजिनाला एक खेळी सर्वांत चांगली वाटली की ते दर वेळी तिकडेच वळतं. दुसरी, बरोबऱ्यांचा पाऊस पडतो. २०१७ मध्ये गाजलेल्या अल्फाझिरो विरुद्ध स्टॉकफिश ८ या दोन इंजिनांच्या १०० डावांच्या लढतीत अल्फाझिरोची बाजू एवढी वरचढ होती, की तिने २८ डाव जिंकले आणि एकही हरला नाही. तरीही ७२ डाव बरोबरीत सुटले. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या १००० डावांच्या लढतीत अल्फाझिरोचे १५५ विजय, ६ पराभव आणि ८३९ बरोबऱ्या होत्या. आजची इंजिनं त्या दोघांपेक्षा कितीतरी बळकट आहेत. तुल्यबळ इंजिनं मूळ पटापासून सोडली की बहुतेक वेळा हाती काहीच लागत नाही.

२. 'चाकोरीबाहेरचं' ओपनिंग म्हणजे क्वचित खेळलं जाणारं ओपनिंग ना?

इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. 'दुर्मिळ' आणि 'झुकलेलं' (एका बाजूचं पारडं आधीच जड असलेलं) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि स्पर्धेला गरज असते ती दुसरीची.

१.बी४ घ्या. टार्टाकोव्हरने १९२४ च्या न्यूयॉर्क स्पर्धेत मारोत्सीविरुद्ध हे खेळून त्याला 'ओरांगउटान' हे नाव मिळवून दिलं. माणसांत ते दुर्मिळ आहे, पण त्यात पांढऱ्याचं फारसं बिघडत नाही. इंजिनांना दिलंत तर पुन्हा बरोबरीच. उलट किंग्ज इंडियन बचाव हजारो माणसं रोज खेळतात, चाकोरीतला म्हणावा असाच तो. पण इंजिनांच्या दृष्टीने त्याच्या अनेक शाखांत पांढरा इतका पुढे असतो, की काळ्याला डाव वाचवायला घाम गाळावा लागतो. इंजिन स्पर्धेत किंग्ज इंडियन हे ओरांगउटानपेक्षा कितीतरी 'वेगळं' ओपनिंग ठरतं.

म्हणून यादी करताना ओपनिंगच्या नावाकडे बघू नका, पटाकडे बघा.

३. मग झुकाव किती असावा? जितका जास्त तितके डाव निकाली, बरोबर?

डाव निकाली होतील, जोड्या होणार नाहीत. आणि मोजायच्या असतात त्या जोड्या.

प्रत्येक ओपनिंग दोनदा खेळवतात, एकदा अ ला पांढरी मोहरी, एकदा ब ला (हे का, ते प्रश्न ५ मध्ये). झुकाव फारच कमी असेल तर दोन्ही डाव बरोबरीत, जोडी १-१. झुकाव फारच जास्त असेल तर दोघंही आपापला पांढरा डाव जिंकतात, जोडी पुन्हा १-१. दोन्ही टोकांना हाती शून्य.

हे थोडं आकड्यांत पाहू. समजा दोन्ही इंजिनं तुल्यबळ आहेत आणि एखाद्या पटावर पांढरा जिंकण्याची शक्यता ५ टक्के आहे, उरलेल्या वेळी बरोबरी. दोनपैकी नेमका एकच डाव निकाली होऊन जोडी फुटण्याची शक्यता निघते साधारण साडेनऊ टक्के. जिंकण्याची शक्यता ९० टक्के केली, तर जोडी फुटते १८ टक्के वेळा. आणि ५० टक्के ठेवली, तर ५० टक्के वेळा. म्हणजे सोनं आहे ते मधोमध, जिथे हा डाव जिंकला जाईल की वाचेल हे पट बघून सांगता येत नाही अशा सीमेवर. तिथे जिंकायलाही कौशल्य लागतं आणि वाचवायलाही. चांगलं इंजिन एका बाजूने जिंकतं, दुसऱ्या बाजूने तोच पट वाचवतं आणि जोडी दीड-अर्धा अशी घेऊन जातं.

ओपनिंग निवडणाऱ्याने सगळा जीव ओतायचा तो ही सीमा शोधण्यात.

४. ती सीमा इंजिनाच्या स्कोअरवरून (कोण किती पुढे आहे हे ते ज्या आकड्यात सांगतं, त्यावरून) कळते का? +१.०० म्हणजे एक प्यादं जास्त ना?

पूर्वी ढोबळमानाने तसं म्हणत. स्टॉकफिशने मात्र डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या १५.१ आवृत्तीपासून आकड्याचा अर्थच बदलला. +१.०० म्हणजे त्या पटावरून जिंकण्याची शक्यता ५० टक्के, अशी मोजपट्टी त्यांनी लावली. प्रश्न ३ मधली सीमा ती हीच, त्यामुळे निवड करणाऱ्याला हा बदल फार सोयीचा झाला.

दोन सावधगिऱ्या. ही पट्टी स्टॉकफिश स्वतःशीच, त्याच्या चाचण्यांच्या वेळमर्यादेत खेळतं त्यावरून ठरवलेली आहे. तुमची इंजिनं कमकुवत असतील, तर त्याच +१.०० वर चित्र वेगळं दिसेल. आणि दुसऱ्या इंजिनाचा +१.०० हा स्टॉकफिशचा +१.०० नव्हे. शक्य असेल तिथे विजय-बरोबरी-पराभव अशी टक्केवारी दाखवायला लावा. स्टॉकफिशमध्ये त्यासाठी 'यूसीआय शो डब्ल्यूडीएल' हा पर्याय आहे. लीला हे दुसरं इंजिन तर मुळात अशा शक्यतांमध्येच विचार करतं.

५. एकच ओपनिंग रंग बदलून दोनदा खेळवलंच पाहिजे का? वेळ दुप्पट जातो.

खेळवलंच पाहिजे. झुकलेलं ओपनिंग एकदाच खेळवलं, तर ज्याच्या वाट्याला चांगली बाजू आली तो जिंकला, एवढंच कळतं. इंजिनांचे डाव लावणारा क्यूटचेस-सीएलआय हा प्रोग्राम वापरत असाल तर 'रिपीट' हा पर्याय चालू आहे ना, हे सुरू करण्याआधी तपासा. मी एकदा तो घालायला विसरले. रात्रभर चाललेल्या स्पर्धेत सकाळी एक इंजिन भलतंच पुढे दिसलं. डाव उघडून पाहिले तेव्हा कळलं, की झुकलेल्या ओपनिंग्जपैकी बहुतेकांत चांगली बाजू त्यालाच मिळाली होती. सगळे डाव टाकून द्यावे लागले.

डावांची एकूण संख्याही सम ठेवा. शेवटची अर्धी जोडी मोजू नका.

६. लाटवियन, ग्रोब, बाँगक्लाउड असली मजेशीर ओपनिंग्ज चालतील का?

काही चालतात, काही अजिबात नाही.

ग्रोब, म्हणजे १.जी४, ही पांढऱ्याची सर्वांत वाईट पहिली खेळी म्हणून ओळखली जाते आणि त्याचमुळे ती कामाची आहे. पांढरा स्वतःच्या राजाची बाजू उसवतो, पण मोहरा गमावत नाही, त्यामुळे काळा सीमेच्या आसपास पुढे राहतो. पहिल्याच खेळीला सीमा गाठणारं ओपनिंग विरळाच. पुढे अगदी वेगवेगळे डाव निघतात. आता तीच गोष्ट काळ्याने केली, १.ई४ जी५, तर त्याला 'बोर्ग' म्हणतात (रोमन लिपीत ग्रोब उलटं लिहिलं की बोर्ग होतं). पण काळा आधीच एक खेळी मागे असतो, त्यामुळे बोर्ग सीमेच्या पलीकडे जातं. एका खेळीचा फरक किती असतो, हे या जोडीत लख्ख दिसतं.

लाटवियन गँबिट, १.ई४ ई५ २.घो-एफ३ एफ५, हेही बहुतेक शाखांत पलीकडचंच. सगळं सोडून द्यायला नको, पण प्रत्येक शाखा तपासून घ्या. हॅलोवीन गँबिटमध्ये (१.ई४ ई५ २.घो-एफ३ घो-सी६ ३.घो-सी३ घो-एफ६ ४.घो×ई५) पांढरा एका प्याद्यासाठी घोडा देतो. माणसाला घाबरवायला ठीक, इंजिनापुढे हरलेलं. किंग्ज गँबिट मात्र उलट्या कारणाने नापास होतं. नाव रोमांचक, पण काळा थोडासा बरा आणि इंजिनं सहज बरोबरी करतात.

ट्रॅक्सलरचं उदाहरण मला फार शिकवून गेलं. १.ई४ ई५ २.घो-एफ३ घो-सी६ ३.उं-सी४ घो-एफ६ ४.घो-जी५ उं-सी५, आणि आता ५.घो×एफ७ उं×एफ२+. पटावर आग लागलेली असते. पण इंजिनं ती आग वीस-पंचवीस खेळ्यांत विझवतात आणि अखंड शहाने डाव बरोबरीत सोडवतात. पाचव्या खेळीला उंटाने एफ७ वर मारून शह दिला, तर आग कमी लागते, पण पांढऱ्याचा फायदा टिकतो. पट तिखट आहे म्हणजे डाव निकाली होईलच असं नाही. फायदा किती काळ टिकतो, ते महत्त्वाचं.

बाँगक्लाउड (१.ई४ ई५ २.रा-ई२) बघणाऱ्यांसाठी एखाद-दुसऱ्या जोडीत घालायला हरकत नाही. १.ई४ ए६ हे सेंट जॉर्ज मला जास्त आवडतं. १९८० मध्ये स्कारा इथे टोनी माइल्सने याच खेळीने तेव्हाचा विश्वविजेता कार्पोव्ह याला हरवलं होतं. काळ्याला त्रास होतो, पण लढायला जागा राहते. बुडापेस्ट गँबिट आणि मॉडर्न बेनोनी हेही पक्के उमेदवार.

७. किती खेळ्यांपर्यंत ओपनिंग द्यावं?

मी बहुधा सहा ते दहा खेळ्या देते. फार थोड्या दिल्या तर इंजिनं ओळखीच्या वाटेवर परत येतात, फार दिल्या तर डावाचं मर्म तुम्हीच खेळून टाकलेलं असतं. ग्रोबसारखं ओपनिंग एका खेळीवरही सोडता येतं. आकडा पाळण्यापेक्षा रेषा (दिलेल्या खेळ्यांची मालिका) कुठे थांबते ते पाहा. मारामारीच्या मध्ये थांबवू नका. १.ई४ डी५ २.ई×डी५ इथे थांबलात, तर क्षणभर पांढऱ्याचं एक प्यादं जास्त दिसतं. घाईघाईत, इंजिनाला थोड्याच खेळ्या पुढचं पाहू देऊन यादी चाळताना असे पट खोटा झुकाव दाखवतात. मारामारी संपून दोन्ही बाजूंना किमान दोन-तीन पटणाऱ्या खेळ्या उरतील, अशा जागी रेषा तोडा.

८. यादीत सगळी ओपनिंग्ज वेगळी आहेत, तरी एकच डाव दोनदा आला. कसं?

वाटा वेगळ्या, पट एकच. १.डी४ घो-एफ६ २.सी४ ई६ ३.घो-सी३ आणि १.सी४ ई६ २.घो-सी३ घो-एफ६ ३.डी४ या दोन रेषा एकाच पटावर येतात. म्हणून तुलना खेळ्यांची करायची नाही, शेवटच्या पटाची करायची.

यात एक खाच आहे. पट मजकुराच्या एका ओळीत उतरवताना काही प्रोग्राम प्याद्याने दोन घरं उडी मारली की 'जाता-जाता मारण्याचं' घर नोंदवतात, मग प्रत्यक्षात तसं मारणं शक्य असो वा नसो. वरच्या दुसऱ्या रेषेत शेवटची खेळी डी४ आहे, त्यामुळे ओळीत 'डी३' येतं. पहिल्या रेषेत येत नाही. पट तोच, ओळी दोन. माझ्या एका यादीत अशा जुळ्या जोड्या बरेच दिवस लपून होत्या. ते घर काढून टाकून मग तुलना करा.

इंजिनं पुढे आपण होऊन एकाच पटावर पोचली, तर मात्र काही इलाज नाही. तसं वारंवार झालं तर दोनपैकी एक रेषा काढा.

९. स्कोअर +१.५० दाखवतो आणि तरीही दोन्ही डाव बरोबरीत. इंजिन चुकतंय का?

बहुधा पट बंद असतो. किंग्ज इंडियनची ती प्रसिद्ध रचना डोळ्यांपुढे आणा: पांढऱ्याची प्यादी सी४, डी५, ई४ वर, काळ्याची डी६, ई५ आणि पुढे सरकून एफ४ वर. मधला भाग कुलूपबंद. पांढऱ्याकडे जागा भरपूर, म्हणून स्कोअर खुशीत. वजिराच्या बाजूने प्यादं पुढे ढकलून वाट फोडता आली तर तो फायदा खरा ठरतो. पण तिकडेही प्यादी एकमेकांत अडकली, तर मोहऱ्यांना आत शिरायला दार उरत नाही. मग हत्ती इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि पन्नास खेळ्यांच्या नियमाने डाव संपतो. सगळा वेळ स्कोअर जागचा हलत नाही.

तीच खूण आहे. एखाद्या ओपनिंगच्या डावांत स्कोअर तीस-चाळीस खेळ्या एकाच पातळीवर गोठला असेल, तर तो फायदा कागदावरचा. यादीत घेण्याआधी पाहा: निदान एक उभी पट्टी उघडी आहे का, किंवा प्याद्याने वाट फोडण्याची सोय दोन्ही बाजूंना शिल्लक आहे का? नसेल तर स्कोअर कितीही गोजिरा दिसो, सोडून द्या.

१०. कोणत्या इंजिनाने ओपनिंग्ज पारखावीत? स्पर्धेतलंच एक वापरलं तर?

न्याय बिघडतो. एका इंजिनाला जे पट सीमेवरचे वाटतात ते त्याच्या समजुतीप्रमाणे निवडले जातात, आणि प्रतिस्पर्ध्याची समजूत वेगळी असते. खोल शोध घेणारं स्टॉकफिश आणि स्वतःशी खेळून शिकलेली लीला यांचे आकडे बंद पटांवर बऱ्याचदा जुळत नाहीत. दोन वेगळ्या घडणीच्या इंजिनांनी पारखा. दोघांच्या मतांत फार अंतर असेल तर तो पट बाजूला ठेवा आणि त्यावर थोडे डाव खेळवून पाहा. असे वादाचे पट कधीकधी सगळ्यात सुंदर डाव देतात.

११. छोट्या वेळेत छान चाललेली यादी मोठ्या वेळेत फिकी का पडली?

वेळ वाढला की बचाव सुधारतो. जलद डावांत जिथे जोड्या फुटत होत्या, तिथे जास्त वेळ किंवा जास्त ताकदीचा संगणक दिला की बरोबऱ्या वाढतात. मोठ्या वेळेसाठी यादी थोडी जास्त झुकलेली घ्या. उलट नवख्या, कमकुवत इंजिनांसाठी झुकावाची फारशी गरजच नसते. ती एकमेकांना सरळ पटावरूनही हरवतात.

१२. हाताने निवडावीत की तयार फाइल घ्यावी?

कशासाठी, त्यावर अवलंबून. टीसीईसी या इंजिनांच्या मोठ्या स्पर्धेच्या अंतिम लढतीत ५० ओपनिंग्ज दोनदा खेळवून १०० डाव होतात, आणि तिथली ओपनिंग्ज येरून नोमेन यांनी हंगामामागून हंगाम एकेक पारखून निवडली आहेत. लोक ते डाव बघतात, त्यामुळे विविधता आणि रंगत दोन्ही सांभाळावी लागते. स्टॉकफिशच्या चाचण्यांचं गणित निराळं. तिथे हजारो-लाखो डाव लागतात, म्हणून श्टेफान पोल यांच्या 'अनबॅलन्स्ड ह्यूमन ओपनिंग्ज', म्हणजेच यूएचओ, घराण्यातल्या फाइली वापरल्या गेल्या. माणसांच्या खऱ्या डावांतले पट, इंजिनाने मोजून ठरावीक झुकावाच्या पट्ट्यात बसवलेले.

घरच्या स्पर्धेसाठी माझा मार्ग दोन्हींमधला: यूएचओमधून काहीशे पट उचलायचे, प्रश्न ८ आणि ९ ची चाळणी लावायची आणि उरलेल्यांत हाताने निवडलेली वीस-पंचवीस घालायची.

१३. किती डाव झाले की निकालावर विश्वास ठेवावा?

१००० डाव, त्यांत ६० टक्के बरोबऱ्या, असं धरलं तर त्रुटीची मर्यादा साधारण ±१४ एलो (खेळाची ताकद मोजण्याचे गुण) येते. शंभर डावांवरून दहा एलोंचा फरक सांगणं म्हणजे अंदाजच. जोडीला एक एकक धरून हिशेब केला, तर झुकलेल्या ओपनिंग्जमध्ये ही मर्यादा आणखी आवळते, कारण पटामुळे आलेला चढउतार जोडीत एकमेकांना खोडतो.

१४. लवकर निकाल देण्याचे (स्कोअर बघून डाव मध्येच थांबवण्याचे) नियम लावावेत का?

लावावेत, पण सैल. झुकलेल्या ओपनिंगमध्ये स्कोअर सुरुवातीपासूनच एक-दीडच्या घरात असतो, त्यामुळे 'हरला' म्हणण्याची रेषा २.०० वर ठेवली तर वाचू शकणारे डाव मारले जातात. मी ती ४.०० च्या खाली आणत नाही आणि दोन्ही इंजिनांचं एकमत मागते. बरोबरीचा नियम चाळिसाव्या खेळीआधी लागू करू नका.

१५. त्यापेक्षा फिशर रँडमच का नको?

मागच्या रांगेतली मोहरी वेगवेगळ्या क्रमाने मांडून खेळायचा हा प्रकार उत्तम पर्याय आहे, पण प्रश्न वेगळा सोडवतो. त्याने ९६० सुरुवाती मिळतात, दोन्ही बाजूंची मांडणी स्वतंत्र ठेवली तर ९,२१,६००. विविधता येते, झुकाव येईलच असं नाही. दोन्ही बाजू वेगळ्या मांडल्या की मात्र झुकलेले पटही पुष्कळ सापडतात. तिथेही निवड प्रश्न ३ प्रमाणेच. आणि सगळ्या इंजिनांना हा प्रकार, विशेषतः त्यातलं कॅसलिंग, नीट येतं का ते आधी पाहा.

१६. ओपनिंग्जची यादी आधी जाहीर करावी का?

इंजिनाचे लेखक भाग घेत असतील तर करू नका. फक्त निवडीची पद्धत सांगा, यादी स्पर्धा संपल्यावर द्या. इंजिनांची स्वतःची ओपनिंग बुकं आणि मागच्या डावांवरून शिकण्याची सोय बंद ठेवा.

१७. एका ओपनिंगमध्ये दोघांनीही आपापला पांढरा डाव जिंकला. ते काढून टाकू का?

एका जोडीवरून नको. प्रश्न ३ मधल्या मधोमधच्या पटावरसुद्धा दोन्ही डाव पांढरा जिंकण्याची शक्यता २५ टक्के असते. आधी ते डाव उघडून बघा. एक इंजिन तिसाव्या खेळीला जिंकलं आणि दुसऱ्याला एकशेदहा खेळ्या झुंजावं लागलं, तर तिथे बचावाला जागा आहे, एकाला ती सापडली नाही इतकंच. दोन्हीकडे स्कोअर पहिल्यापासून सरळ वर चढत गेला असेल, तर संशय घ्या. मी असा पट बाजूला लिहून ठेवते, दोन इतर इंजिनांमध्ये त्याच्या दहा जोड्या खेळवते आणि त्यांतली एकही फुटली नाही तरच यादीतून खोडते.